जावयाच्या ट्रकातला टेप

गोपीचंद कापगते रिटायर झाला, त्या दिवशी दरेकसाच्या छोट्याशा स्टेशनात त्याचा सत्कार झाला. शाल आली, नारळ आला, पेढे आले. नागपूरहून आलेले साहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी हातातला कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "गोपीचंदजींच्या सेक्शनमध्ये तेहतीस वर्षांत काहीच झालं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना पुढे काय बोलावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी सगळ्यांना पेढे घ्यायला सांगितलं.

साहेब बोलले ते खरंच होतं. गोपीचंद सिग्नलच्या तारा सांभाळणारा माणूस. दरेकसाच्या डोंगरात, बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे, रुळाच्या कडेला उभ्या असलेल्या लोखंडी पेट्या उघडायच्या, आत शिरलेले साप-विंचू काढायचे, एकेक तार हाताने चाचपून पाहायची, गंजलेलं टोक घासायचं. हे सगळं नीट झालं की गाड्या येतात आणि जातात. दुसरं काही होत नाही. तेहतीस वर्षं त्याने हेच केलं होतं, आणि त्यातलं सांगण्यासारखं काहीही त्याच्यापाशी नव्हतं.

तो सौंदडला आपल्या घरी परतला आणि पहिल्याच आठवड्यात मनकर्णाबाईंच्या लक्षात आलं, की हा माणूस घरात मावणारा नाही. पहाटे चारला उठायचा. तलावाच्या पाळीवरून दोन चकरा मारून यायचा. चहा अर्धा प्यायचा, अर्धा कपातच ठेवून अंगणातल्या मोटरीचा स्टार्टर उघडून बसायचा. स्वतःच्या घरातलं सगळं उघडून झालं तेव्हा तो शेजाऱ्यांकडे वळला. बकारामच्या ऑटोचा हॉर्न नीट वाजत नव्हता. गोपीचंदने तो दुरुस्त करून दिला, पण त्यासाठी ऑटो दोन दिवस अंगणात उभा ठेवला. त्यानंतर बकाराम ऑटो लांबून, हनुमानाच्या देवळामागून नेऊ लागला.

"लोकं तुमाले भेऊन राहिले जी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जरा बसत जा ना एका जाग्यावर."

"बसलोच तं हाय."

"बसले कुठं? पाय पाहा तुमचे कसे हालून राहिले."

त्याने पायाकडे पाहिलं. पाय खरंच हलत होता.

पौषातल्या थंडीत त्यांची मुलगी नीतू आणि जावई शुभम दोन दिवसांसाठी आले. शुभमने तीन महिन्यांपूर्वी जुना ट्रक घेतला होता. अठरा वर्षांचा, रंग उडालेला, पण इंजिन दणकट. धान खरेदी केंद्रावरून पोती उचलायची आणि गोंदियाच्या राईस मिलमध्ये टाकायची, असं त्याचं काम चाललं होतं. ट्रक घेऊनच दोघं सौंदडला आले. अंगणाबाहेर चिंचेखाली शुभमने गाडी लावली आणि खाली उतरायच्या आधी सासऱ्याला हाक मारली.

"मामाजी, या ना वर. नवा टेप लावला."

आता त्यात कॅसेट नसते, पण ट्रकवाले त्याला अजून टेपच म्हणतात. गोपीचंद केबिनमध्ये चढला. समोरच्या फळीवर प्लायवूडची पेटी ठोकलेली, पेटीत निळ्या दिव्यांचा चकचकीत स्टिरिओ. शुभमने पेन ड्राइव्ह लावला, आवाज वाढवला. चारही स्पीकर असे दणाणले, की चिंचेवरचे बगळे उडाले. नीतू खालून कानावर हात ठेवून हसत होती.

"वीस दिवस झाले," शुभम म्हणाला. "गोंदियात बसवला. अर्ध्या घंट्यात काम फत्ते. आता रातभर जरी लाईनीत उभं राहिलं तरी झोप येत नाही."

"चांगला हाय," गोपीचंद म्हणाला. पण त्याचे डोळे गाण्याकडे नव्हते. पेटीच्या मागून लाल आणि काळी अशा दोन तारा निघाल्या होत्या. लग्नाच्या मांडवात दिव्यांची झालर सोडतात तसल्या, बारीक. गिअरच्या दांड्याजवळ पत्र्याला एक भोक पाडून त्या खाली गेल्या होत्या. भोकाची कड करवतीसारखी उभी होती.

"फ्यूज कुठं लावला?"

"टेपच्या मांगंच असंल ना. दुकानवाल्याले मालूम."

शुभमने इंजिन बंद केलं आणि टेपही. उतरता उतरता तो सहज म्हणाला, "एवढंच, का सकाळी गाडी उठत नाही आजकाल. कोंय कोंय करते. थंडीनं असंल."

त्या वाक्यानंतर गोपीचंदची भूक गेली.

ताटात गरम भात होता, पोपटाच्या शेंगांच्या दाण्यांची भाजी होती, नीतूची आवड म्हणून मनकर्णाबाईंनी वडे तळले होते. गोपीचंदने चार घास खाल्ले. वीस दिवसांपूर्वी टेप लागला. गाडी सकाळी उठेना झाली. म्हणजे बॅटरी उतरते. दोन बॅटऱ्यांची गाडी. त्यातली एकच उतरत असणार. म्हणजे तारा एकाच बॅटरीवरून ओढल्या. पण कोणत्या? डोक्यात तेच चाललं होतं. जावयाला मात्र काही बोलता येईना. मुलीचं लग्न होऊन अजून वर्ष व्हायचं होतं. अशा जावयाला "तुमच्या गाडीत खोट आहे" असं सासऱ्याने जेवताना कसं सांगायचं?

तरी हात धुताना त्याने एकदा खडा टाकून पाहिला. "तारा एकडाव पाहून घ्याव म्हनतो मी. बारीक दिसून राहिल्या."

शुभम हसला. "मामाजी, ट्रक हाय, रेल्वे नाही."

त्या रात्री तो सारखा कूस बदलत राहिला. सकाळी शुभम आणि नीतू गोपीचंदची मोटारसायकल घेऊन साकोलीला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेले. संध्याकाळी पाचपर्यंत येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सडक अर्जुनीच्या केंद्रावर ट्रक भरायचा नंबर होता. ट्रकची चावी खुंटीला टांगून गेले.

गोपीचंदने दहा मिनिटं त्या चावीकडे पाहिलं.

"हात लावू नोका," मनकर्णाबाई चुलीपासूनच म्हणाल्या. त्यांची पाठ त्याच्याकडे होती.

"फक्त पाहतो."

"तुमचं पाहनं मले मालूम हाय."

तो गेलाच. जुनी पिशवी काढली: पकड, पाने, मीटर, छोट्या बल्बला दोन तारा जोडून केलेला तपासायचा दिवा. बॅटरीची पेटी उघडली तशी शंका खरी निघाली. ट्रकला दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात; दोन्ही मिळून चोवीस व्होल्ट. टेपला बाराच लागतात, चोवीस दिले तर जळतो. दुकानवाल्याने सोपी वाट काढली होती. दोनपैकी एकाच बॅटरीच्या दोन्ही टोकांना तारा बांधल्या, झाले बारा. त्यामुळे ती एक बॅटरी रोज उतरत होती आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून उकळत होती. तिचं पाणी दोन बोटं खाली गेलेलं. हे तरी नुसतं नुकसान होतं. गोपीचंद जागच्या जागी खिळला तो दुसऱ्या गोष्टीमुळे. पहिल्या बॅटरीचं काळं टोक ट्रकच्या लोखंडाला जोडलेलं असतं. तारा त्या बॅटरीवरून घेतल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. दुकानवाल्याने हाताला आली ती दुसरी बॅटरी धरली होती. तिचं काळं टोक लोखंडाला लागलेलं नव्हतं. टेपचं कवच आतून काळ्या तारेलाच जोडलेलं असतं. म्हणजे टेपचं कवच एका बाजूला, ट्रकचं लोखंड दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एका भरल्या बॅटरीचा सगळा जोर अडवून उभं काय, तर अर्ध्या इंचाचं प्लायवूड. एखादा खिळा, एखादी पट्टी, रेडिओच्या एरियलची तार जरी दोन्हीला टेकली, तर ती झालरीची तार लाल होऊन पेटली असती. वाटेत फ्यूज कुठेच नव्हता. आणि मागे रोज पोत्यांचा ढीग.

त्याने आधी लोखंडाला जोडलेलं काळं टोक सोडवलं, मग बाकीची. हाताच्या सवयीने. मग टेप पेटीतून ओढून सीटवर ठेवला. ठरवलं होतं एवढंच, की फ्यूज टाकायचा आणि गप्प बसायचं. पण फ्यूज टाकून हे निभणारं नव्हतं. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर पाहिजे होता. जाड तार पाहिजे होती. पत्र्याच्या भोकाला रबराची रिंग पाहिजे होती. घड्याळात अकरा वाजले होते. त्याने बकारामचा ऑटो देवळामागे जाऊन गाठला.

"हॉर्न बरा हाय, काका," बकाराम घाईघाईने म्हणाला.

"हॉर्न मरू दे. कोहमाऱ्याले सोड मले."

कोहमाऱ्याच्या चौकात, हायवेवर, तीन दुकानं पालथी घातली. कन्व्हर्टर कुणाकडेच नव्हता. मग गोंदियाची बस. मुरदोलीच्या जंगलात रस्त्याचं काम चाललं होतं, बस अर्धा तास उभी राहिली. गोपीचंद सीटवरून तीनदा उठला. गोंदियात बाजारातला मुन्नालाल मोटर पार्ट्सवाला त्याच्या यादीकडे पाहून म्हणाला, "चाचा, ये सब कौन लगाता है? सब डायरेक्ट मारते हैं."

"मारते हैं, बराबर बोले," गोपीचंद म्हणाला. "कन्व्हर्टर दिखाव."

मुन्नालालने फळीच्या तळातून धूळ खाल्लेलं खोकं काढलं. गोपीचंदने मीटर लावून दुकानातच तपासलं, तारेचं टोक सोलून तांबं मोजलं, रबराच्या रिंगा एकेक करून भोकाच्या मापाला लावून पाहिल्या. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. परतीची बस चुकली, दुसरी उशिरा मिळाली.

तो घराच्या वळणावर आला तेव्हा दिवस बुडत होता. मोटारसायकल अंगणात दिसली. ट्रकच्या बॅटरीपेटीचं झाकण उघडं होतं आणि शुभम पाना घेऊन टर्मिनल आवळत होता. केबिनचं दार उघडं. आत, गिअरच्या दांड्याशेजारी, सोडवून ठेवलेली लाल तार लोंबत होती. टर्मिनल जोडताच तिच्यात वीज आली होती, आणि तिचं उघडं टोक वाऱ्याने हलून दांड्यापासून बोटभर अंतरावर झुलत होतं.

"हात काढ!" गोपीचंद ओरडला. "हात काढ तिथून, बयताडा! दूर हो!"

रुळावर काम करणाऱ्या गँगला समोरून गाडी येताना देतात तसा आवाज. तलावाच्या पलीकडेही गेला असेल. शुभमच्या हातातला पाना पडला. गोपीचंद पिशवी टाकून धावला, वाकून काळं टोक उपसून बाजूला केलं, मग केबिनमध्ये चढून लाल तारेच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली.

मग त्याने मागे वळून पाहिलं. दारात नीतू उभी होती, तोंडावर पदर. मनकर्णाबाई तिच्या मागे.

शुभम सावकाश उठला. कपड्यांची धूळ झटकली. "काय झालं?" तो म्हणाला. "काहीच तं नाही झालं."

"होत होतं."

"पन झालं नाही ना? माही गाडी मले न विचारता खोलून ठेवली. सकाळी नऊले माहा नंबर हाय. आनि वरतून मलेच..." त्याला 'बयताड' हा शब्द स्वतःच्या तोंडाने म्हणवेना. "मामाजी, तुमी रिटायर झाले. माह्या गाडीवर ड्युटी कराले काऊन येऊन राहिले?"

तो चौकाकडे चालू लागला. नीतू बापाकडे न पाहता त्याच्या मागे दोन पावलं गेली आणि थांबली.

मनकर्णाबाईंनी पडलेली पिशवी उचलली, रबराच्या रिंगा वेचून आत टाकल्या. "जवायाले तू म्हनले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शिवीही देल्ली."

"मले तवा तो जवाई नाही दिसला. मानूस दिसला."

"थे मले समजते. त्याले कोन समजावंल?"

शुभम दोन तासांनी आला, जेवला नाही, ओसरीवर पांघरूण डोक्यावरून घेऊन पडला. गोपीचंदही जेवला नाही. माफी मागावी तर कशाची? ओरडलो ही चूक नव्हती. तू म्हणालो ही चूक होती. पण त्या घटकेला "जवाईबापू, तुमी जरा हात काढता का" असं कोण म्हणतं? तो पुन्हा पुन्हा तेच वाक्य जुळवत होता आणि ते प्रत्येक वेळी तारेच्या टोकाशी येऊन तुटत होतं.

उजाडायला लागलं तसा तो ट्रकपाशी गेला. काही वेळाने पाठीमागे चपलांचा आवाज आला. शुभम होता, मफलर गुंडाळलेला, तोंड फुगवलेलं.

"किती वेर लागंल?"

"तुमी हात लावला तं तीन घंटे. मी एकटा तं दुपार."

"नऊचा नंबर गेला मंग."

"गेला."

शुभमने जमिनीवर थुंकल्यासारखं केलं. गोपीचंदने त्याला बोलू दिलं नाही; केबिनकडे बोट केलं. "पाच मिनिटं या. मंग जे म्हनायचं थे म्हना."

त्याने लाल तार टेपला होती तशी जोडली, काळीही जोडली. मग बॅटऱ्यांची टोकं होती तशी लावली. टेप सीटवर होता, बंद. निळा दिवासुद्धा नव्हता. गोपीचंदने पिशवीतला तपासायचा बल्ब काढला आणि शुभमच्या हातात दिला.

"हे एक टोक टेपच्या पत्र्याले लावा. दुसरं दरवाज्याच्या लोखंडाले."

"टेप तं बंद हाय."

"लावा तं."

शुभमने लावलं. बल्ब लागला. पिवळा, स्वच्छ, भरपूर उजेडाचा. त्याने झटक्याने टोक काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा लागला. टोक दरवाज्यावरून काढून गिअरच्या दांड्याला लावलं. लागला. स्टेअरिंगखालच्या पट्टीला लावलं. लागला.

"चावी कुठं हाय?" शुभमने विचारलं.

"तुमच्या खिशात."

शुभमने खिसा चाचपला. चावी होती. तो बराच वेळ त्या बल्बकडे पाहत राहिला. "म्हंजे हे वीस दिवस..."

"हाव. तुमी झोपत होते तवा पन. बल्ब हाय म्हनून उजेड पडला. बल्बच्या जाग्यावर पाना असता, एरियलची तार असती, तं तार पेटली असती."

"मी एरियल लावनार होतो," शुभम म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "या रविवारी. मॅचची कॉमेंट्री आयकाले."

शुभमने मफलर काढून आरशाला अडकवला. "सांगा. काय करू?"

मग काम सुरू झालं. गोपीचंदचे गुडघे डॅशबोर्डखाली वाकत नव्हते, म्हणून खाली शुभम शिरला, पाठीवर पडून, आणि गोपीचंद बाहेरून सांगत राहिला. आधी काळं टोक सोडा. लावायच्या वेळी तेच शेवटी. जुन्या तारा ओढून टाका, सगळ्या. नवी तार दोन्ही बॅटऱ्यांच्या मिळून चोवीसवरून घ्या. आणि तार सुरू होते तिथंच, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज.

"टेपजवर लावला तं? सोपं जाते."

"फ्यूज टेपसाठी नाही राहत, जवाई. तारेसाठी राहते. तार मधातच घासली तं टेपजवरचा फ्यूज काय करंल?"

खालून पान्याचा आवाज थांबला. मग "बराबर," असं आलं.

पत्र्याच्या भोकाची कड कानशीने घासून गुळगुळीत केली, रबराची रिंग बसवली, तार तिच्यातून ओढली. गिअरच्या दांड्यापासून, ब्रेकच्या पॅडलपासून, वायपरच्या हलत्या हातापासून ती लांब नेऊन चिमट्यांनी बांधली. पीळ मारून चिकटपट्टी लावायची नाही. प्रत्येक टोकाला थिंबल, म्हणजे धातूचं टोपण, दाबायचं, वरून स्लीव्हची नळी. टेपची काळी तार ट्रकच्या लोखंडाला जोडायची, पण रंग खरवडून, तांब्यासारखं चकचकीत करून. कन्व्हर्टर चावीवर घ्यायचा. चावी काढली की टेपही झोपला पाहिजे. स्पीकरच्या तारा एकही लोखंडाला टेकायला नको. गोपीचंदने प्रत्येक जोड दोनदा ओढून पाहिला. एक थिंबल त्याला पसंत पडलं नाही. कापायला लावलं, पुन्हा दाबायला लावलं. शुभमने खालून काहीतरी पुटपुटलं. गोपीचंदने ते ऐकलं आणि थिंबल पुन्हा ओढून पाहिलं.

साडेनऊला केंद्रावरून फोन आला: कुठं आहेस, तुझ्या मागच्याला घेतो. शुभमने "घ्या" म्हणून फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. मनकर्णाबाई दोनदा चहा ठेवून गेल्या. दोन्ही वेळा थंड झाला. नीतू मात्र तिसऱ्यांदा चहा घेऊन आली आणि बापाच्या समोर तो पिऊन होईपर्यंत उभी राहिली. कप हातातून घेताना म्हणाली, "बाबा, पाय नोका हालवू. ट्रक हालून राहिला."

पावणेअकराला टेप लावला. वाजला. बल्ब पुन्हा टेपच्या पत्र्याला आणि दरवाज्याला लावला. अंधार. शुभमने स्वतः चार ठिकाणी लावून पाहिला. कुठेच लागला नाही.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"तुमी. गाडी भरून गोंदियाले. इथं राहाल तं दिवसभर मामीजीले त्रास द्याल."

मनकर्णाबाईंनी न विचारता भाकरी बांधून दिली.

केंद्रावर त्यांना दुपारी तीनपर्यंत थांबावं लागलं. नंबर गेला तो गेलाच. शुभमचं तोंड पुन्हा उतरलं. तो हमालांवर ओरडला. गोपीचंद बॅटरीपेटी उघडून पाणी टाकत बसला, मग ते झाल्यावर ती पुसत बसला. पोती भरून दोरखंड आवळून निघाले तेव्हा उन्हं कलली होती.

मुरदोलीच्या जंगलात रस्त्याच्या कामापाशी गाडी थांबवली होती. पुढे दहा-बारा गाड्या. शुभमने टेप हळू लावला होता. गोपीचंद गाणं ऐकत नव्हता. त्याचा तळहात कन्व्हर्टरवर होता. कोमट. जेवढं असायला पाहिजे तेवढंच. तरी त्याने हात काढला नाही.

"जवाई," तो समोर पाहत म्हणाला. "काल तुमाले तू म्हनलो. बयताडही म्हनलो. बाकी कायी चुकलं नाही माहं, पन थे चुकलं."

शुभमने टेपचा आवाज अजून कमी केला. "थे मी चौकात चहा पेतानीच सोडून देल्लं होतं, मामाजी. बापानं नाही म्हनलं का कधी?" त्याने टेप बंदच केला. "पन तुमचा आवाज... कानातून गेलाच नाही. झोपच नाही लागली. हा मानूस एवढा काऊन ओरडला, हेच कळत नव्हतं. मंग सकाळी उठून आलो."

समोरच्या गाड्या हलल्या. ते पुढे निघाले.

गोरेगाव ओलांडल्यावर एका पेट्रोल पंपापाशी शुभमने न सांगता गाडी बाजूला घेतली. खाली उतरला, बॅटरीपेटीचं झाकण उघडून तारेवरून हात फिरवला, फ्यूजवर बोट ठेवलं, झाकण लावलं आणि वर आला. गोपीचंदने खिडकीतून पाहिलं. विचारावंसं वाटलं, की रबराच्या रिंगेजवळ पाहिलं का. विचारलंच.

"पाहिलं जी."

"डाव्या बाजूनं?"

"दोन्ही बाजूनं."

राईस मिलच्या फाटकापुढे चाळीस गाड्यांची लाईन होती. दिवे लागले होते, कोंड्याचा धूर हवेत तरंगत होता. शुभमने इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून तिथेच झोपला. गोपीचंद पाच मिनिटं बसला. मग दार उघडून उतरला, पाय मोकळे करायला म्हणून लाईनच्या कडेने चालू लागला. तिसऱ्या ट्रकमध्ये गाणी दणाणत होती. केबिनचं दार उघडं होतं आणि आत तारांचं एक जाळं लोंबत होतं. कुणीतरी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला होता.

"भाऊ," गोपीचंद ड्रायव्हरला म्हणाला, "हे कोनं लावून देल्लं?"

ड्रायव्हर छत्तीसगडचा होता. त्याने खालून वरपर्यंत गोपीचंदला पाहिलं. "काबर? का होगे?"

"कायी नाही झालं," गोपीचंद म्हणाला. "जरा खाली उतरता का?"

उतरायला त्याने चांगला वेळ घेतला. पण लाईन हलणार नव्हती आणि म्हातारा दारातून हलत नव्हता. गोपीचंदने परत जाऊन शुभमच्या शेजारची पिशवी उचलली. शुभमने एक डोळा उघडला.

"मामाजी, आता कुठं?"

"इथंच. दोन गाड्या सोडून."

"नंबर आला तं मी थांबनार नाही हां," असं म्हणून शुभमने डोळा मिटला. गोपीचंद पिशवी घेऊन गेला. लाईन पुढे सरकली तेव्हा तो त्या तिसऱ्या ट्रकच्या डॅशबोर्डखाली अर्धा शिरलेला होता, गुडघे दुखत असूनही, आणि शुभम हॉर्नवर हॉर्न मारत होता.

त्या मोसमात तो असा सात-आठ ट्रकवाल्यांना पकडत राहिला. त्यातले तिघं कंटाळून मधेच गाडी घेऊन निघून गेले. एकाने तर तार अर्धी जोडलेली असताना इंजिन चालू केलं, आणि गोपीचंद पुन्हा तसाच ओरडला. मंगळवारी आणि शुक्रवारी तो आता कोहमाऱ्याच्या चौकात एका ढाब्याशेजारी बसतो. म्हणजे बसतो असं मनकर्णाबाई म्हणतात. तो बसलेला कुणी पाहिला नाही.

"किती गाड्या झाल्या आज?" संध्याकाळी त्या विचारतात.

"एक."

"दिवसभरात एकच?"

"आनि तीही पुरी नाही झाली," गोपीचंद म्हणतो. "त्याले मी उद्या इथंच बलावलं. आला पायजे." आणि चहा अर्धा ठेवून तो अंगणात जातो, रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो.